बुधीच्या खोपटाला दार नाही

उंबरमाळीच्या वरची वाडी
८ नोव्हेंबर २०२५

समीक्षा,

आशीर्वाद लिहिणार होतो, पण माझ्यासारख्याचे आशीर्वाद लागले तर उलटेच लागायचे. तेव्हा नुसतं समीक्षा.

"मामा, पत्रं कसली लिहिता, फोन घ्या," असं तू तिसऱ्यांदा लिहिलंस. घेतला होता की! बुधीच्या सावळ्यानं शहापूरहून जुना आणला. काचेवर बोट फिरवून फिरवून झिजलं, फोन काही जागा होईना. दुकानदारानं सावळ्याला विचारलं, "मामांचा हात लय थंड हाय काय?" सव्वाशे वर्षांपूर्वी मेलेल्या माणसाचा हात आणखी कसा असणार? तू लॅबमध्ये लोकांचं रक्त सुईनं काढतेस आणि पगार घेतेस. मी दातानं काढायचो तर लोक काठ्या घेऊन मागे लागायचे. आता बुधी बाजारातून बकऱ्याचं रक्त डब्यात आणते, रक्ती करायची म्हणून सांगते, आणि मी गुमान पितो.

बुधवारी पौर्णिमा झाली. सावळ्याला संध्याकाळी दाव्यानं खुंट्याला बांधला, पुढ्यात सुके बोंबील ठेवले. मंगळी शेळी नेहमीसारखी त्याच्या पोटाला टेकून बसली. ती त्याला लांडगा मानत नाही. बुधीही नाही. "अंगावर केस आलं म्हनून काय झालं? माज्या बापाला नव्हतं?" असं म्हणत ती पोराची पाठ कंगव्यानं विंचरते. या खेपेला दावं सुटलं आणि झाडाला लावलेल्या कुठल्याशा कॅमेऱ्यात तो सापडला. आता लांडगा शोधायला माणसं आली आहेत आणि जंगलाची वाट दाखवायला रोजावर कोणाला घेतलं असेल? सावळ्याला. दोन दिवस स्वतःच्याच पावलांचे ठसे दाखवत हिंडतो आहे. संध्याकाळी येऊन म्हणतो, "उद्या नदीकडं नेतो. आजून दोन दिस चालंल काम."

तुझ्या मैत्रिणीला, मनालीला, आमच्या घराची गोष्ट सांगायची आहे म्हणतेस, तर नीट सांग. मी तानसाच्या धरणाच्या कामावर हजेरी लिहिणारा कारकून. विलायतेचा एक साहेब दिवसा तंबूबाहेर पडायचा नाही. मजूर एकेक करून मरायचे, आणि मी त्यांच्या नावापुढे 'गैरहजर' लिहायचो. एके दिवशी मीच गैरहजर झालो. सावळ्या मुरबाडकडे एका फार्महाऊसवर राखणीला होता. मालकानं परदेशातून आणलेलं कुत्रं त्याला चावलं. मालक म्हणाला, "घाबरू नकोस, भारी जातीचं आहे." मला साहेब चावला, सावळ्याला साहेबाचं कुत्रं. शंभर वर्षांत तेवढी प्रगती. आणि त्या धरणाचं पाणी रोज मुंबईला जातं, वाडीवर मार्चपासून टँकरची वाट बघायची. तरी रक्तपिपासू म्हणून नाव माझंच!

आम्हा लोकांना एक नियम आहे. कुणाच्या घरात न बोलावता शिरता येत नाही. दार सताड उघडं असलं तरी पाऊल पडत नाही. मी या तालुक्यात अंगणाअंगणांत उभा राहिलो, खालच्या गावात तुमच्या ओटीसमोरही. कुणी 'ये' म्हटलं नाही. हे ऐकून बुधी केवढी हसली होती! "मला तरी कवा बोलावलं आत? दानं पाखडून जल्म गेला, पडवीच्या पुढं पाय नाय. म्हंजे मी पन तुजीच जात की रे!" खरंच आहे. तुझी आई गेल्यावर तुला तिनंच वाढवलं, पण पडवीत.

तिच्या खोपटाला तर दारही नाही. कारवीचा कूड आणि आडवं गोणपाट. चाळीस वर्षांपूर्वी मी बाहेर उभा होतो. ती बाहेर आली. डोळे लाल, चुलीचा धूर असेल.

"कवापासून उभा हायेस?"

"बराच वेळ."

"आत नाय आलास?"

"बोलावल्याशिवाय येता येत नाही."

ती माझ्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "मंग ये."

तेव्हापासून मी या घरचा. तुमच्या घरानं टाकून दिलेली मोडकी कणगी तिनं उचलून आणली, दिवसा मी तिच्यात झोपतो. मला आई नव्हती, आता आहे, ती माझ्याहून ऐंशी-नव्वद वर्षांनी लहान.

दामूमामा

.

मुरबाड
१४ नोव्हेंबर

दामूमामा,

तुमचं पत्र हसायचं होतं, पण हसायला वेळ नाही. अक्षयची गाडी सरळगावजवळ घसरली. मांडीचं हाड दोन जागी मोडलंय, पोटातही मार आहे. कल्याणच्या दवाखान्यात ठेवलाय. ऑपरेशनला रक्त हवं. त्याच्या कार्डावर ओ लिहिलंय, पण ओच्या चार बाटल्या तपासल्या, एक जुळेना. शेवटी कळलं, त्याचा बॉम्बे गट आहे. दहा हजारांत एखाद्याचा असतो, आणि त्याला दुसरं कुठलंही रक्त चालत नाही, ओसुद्धा नाही. मुंबईच्या रक्तदात्यांच्या यादीतला एक अनोळखी माणूस धावत आला, एक बाटली देऊन गेला. आणखी एक हवी. पप्पांचं तपासलं, नाही. आत्याचं नाही, माझं नाही. आजोबांना त्यांच्या वयामुळे कुणी विचारलंच नाही. ते बाकावर मफलर गुंडाळून बसून आहेत. भर मे महिन्यातही ज्यांचा मफलर सुटत नाही, ते दवाखान्याच्या एसीत काय सोडणार!

मामा, तुम्ही म्हणायचात, एकदा चाखलेलं रक्त मी विसरत नाही. अक्षयसारखं दुसरं कुणाचं आठवतं का? डॉक्टरांनी सोमवारपर्यंतची मुदत दिली आहे. माझा भाऊ तेवीस वर्षांचा आहे, मामा. हरेश ड्रायव्हरकडे एसटीतून ही चिठ्ठी देते आहे.

समीक्षा

.

वाडी
१५ नोव्हेंबर

समीक्षा,

हे पत्र घेऊन आलेला माणूसच तुझ्या पत्राचं उत्तर आहे. सावळ्याचं रक्त घे.

अक्षय सात वर्षांचा असताना बुधीच्या अंगणात काचेवर पाय पडला होता. फडकं मी बांधलं आणि बोट चाटलं. खोटं कशाला सांगू, भूक लागली होती. सावळ्याला कुत्रं चावल्यावर दुसऱ्या पौर्णिमेला आमची झटापट झाली, माझे दात त्याच्या खांद्यात गेले. तीच चव. एवढ्या वर्षांत ही चव मला तीनदाच लागली आहे. तिसरी कुणाची, ते तुझ्या कामाचं नाही.

आता तुला पडलेला प्रश्न मीच विचारतो. लांडग्याचं रक्त अक्षयच्या अंगात गेलं तर? मला माहीत नाही. पौर्णिमा अजून एकोणीस दिवस लांब आहे, तुमच्या यंत्राला ते माणसाचंच दिसेल. डॉक्टरला सांगायचं की नाही, ते तू ठरव. सावळ्याला मी तीनदा विचारलं. तो म्हणाला, "दर पुनवेला माजं येवढं केस गलतात, त्याच्यापुडं बाटलीभर रगत काय हाय?" बुधीला विचारलं. ती भांडं घासत होती. घासतच राहिली. मग म्हणाली, "पोर मरता कामा नये. जा रे सावळ्या."

तो काही मागणार नाही. मी मागतो. रक्त दिल्यावर सावळ्याला तुमच्या घरात बोलवा. ओटीवर नाही, पडवीत नाही. माजघरात पाटावर बसवा, ताट वाढा. चाळीस वर्षं त्याची आई तुमचं भात पाखडते. तिनं पाखडलेला भात तुमच्या पोटात चालतो, ती घरात चालत नाही! आता तर तिच्या पोराचं रक्त तुमच्या पोराच्या काळजातून फिरणार आहे. काळजात चालेल, मग माजघरात का चालू नये? हा उपकाराचा मोबदला नव्हे. माणसाला माणसासारखं 'ये' म्हणणं, एवढंच.

मला वचन दे.

दामूमामा

.

कल्याण
२० नोव्हेंबर

दामूमामा,

ऑपरेशन झालं. अक्षय शुद्धीवर आहे, जेवतोय, नर्सशी भांडतोय. रक्त छान चाललं. पप्पांनी सावळ्यादादाला गाडीतून घरी नेलं, सगळ्यांनी त्याचं नीट केलं. आणखी काय लिहू? फार दमले आहे. बुधीआयला नमस्कार सांगा.

समीक्षा

.

वाडी
२३ नोव्हेंबर

समीक्षा,

तुझं पत्र चार ओळींचं. तू खोटं बोलतेस तेव्हा थोडक्यात बोलतेस. सहा वर्षांची असतानाही असंच होतं.

सावळ्यानं आपणहून मला काही सांगितलं नाही. तो आला, खिशातून कप काढला आणि बुधीपुढे ठेवला. "हे घे आय, तुजा कप." कान तुटलेला, आतून तपकिरी पडलेला. तुमच्या पडवीच्या वळचणीला खिळ्यावर उलटा टांगलेला असतो तो. बुधीनं चाळीस वर्षं त्यातच चहा प्यायला, स्वतः विसळून स्वतः टांगला. रक्त देऊन आलेल्या माणसाला तुम्ही पडवीत बसवलंत आणि त्याच कपात चहा दिलात! खूप खोदून विचारल्यावर कळलं, तुझा बाप अनिल म्हणाला म्हणे, "बस हां सावळ्या, निवांत बस." निवांत!

आयुष्यात पहिल्यांदा पोरानं चोरी केली. काय चोरलं, तर स्वतःच्या आईचा अपमान. तुमच्या घरातून गेलेली ही एकच वस्तू असेल जिची कुणी तक्रार करणार नाही. बुधी परवा कामाला गेली तर कप सापडेना. तिला कागदी कपात चहा दिला. प्यायचा आणि फेकायचा. विसळायचे कष्टही वाचले. सुधारणा म्हणतात ती हीच.

तू तिथे होतीस का? एवढंच लिही.

दामू

.

मुरबाड
७ डिसेंबर

मामा,

मी तिथे होते. पायरीवर उभी होते. "पप्पा, आत बोलवा ना," असं म्हणायला तोंड उघडलं आणि आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. मी तोंड मिटलं. दोन आठवडे हे लिहायचं धाडस झालं नाही. आता लिहिते, कारण त्याहून वाईट घडलं आहे.

लांडग्याचं मी कुणालाच सांगितलं नव्हतं. डॉक्टरांनाही नाही. मी ठरवलं होतं, आधी भाऊ जगू दे.

गुरुवारी दत्तजयंती होती. घरी पाळणा, सुंठवडा, गावातली वीसेक माणसं. अक्षय माजघरात खाटेवर, पाय प्लास्टरमध्ये. दिवस मावळताना आरती चालू होती आणि काहीतरी फुटल्याचा आवाज आला. मला वाटलं, नारळ. वळून पाहिलं तर प्लास्टरचे तुकडे, आणि खाटेवर लांडगा. दत्ताच्या तसबिरीत चार कुत्री आहेत, समोर हे पाचवं बसलेलं. कुणीतरी हात जोडले. एका म्हातारीनं पुढे सुंठवडा ठेवला, त्यानं खाल्ला. शेपटी हलवली. दोन मिनिटं, मामा, अख्खं गाव त्याला देवाचं समजत होतं. मग आजोबा म्हणाले, "काठी आणा."

भाताच्या कोठीत कोंडला त्याला. सकाळी तो माणूस होऊन बाहेर आला, पाय जुळलेला, पाठीवर वळ. आजोबांनी एवढंच विचारलं, "बाटली सावळ्याचीच होती ना?" पप्पा हो म्हणाले. आजोबांचा हात मफलरकडे गेला. त्यांनी तो घट्ट आवळला. मग म्हणाले, "ज्याचं रगत त्याच्याकडं सोडून ये." पप्पांनी त्याला टेम्पोत घातलं, वाडीच्या चढाखाली उतरवलं आणि परत आले. आल्यावर जेवले.

तो तुमच्याकडे पोचला का?

समीक्षा

.

वाडी
१० डिसेंबर

समीक्षा,

पोचला. शुक्रवारी दिवस मावळल्यावर मी कणगीतून बाहेर आलो तर गोणपाटाबाहेर उभा. मान खाली. या पोरानं जन्मात वाडीवरच्या कुणाला 'आत या' म्हटलेलं नाही, त्यामुळे स्वतः आत यावं कसं, हे त्याला कळेना. बुधीनं चुलीपासून मानही वळवली नाही. "ये रे, बस. भाकर हाय, कालवन नाय."

आला. बसला. रडला. भाकरी चार खाल्ल्या.

सावळ्या त्याला शिकवतो आहे. "पुडल्या पुनवेला खाज लय सुटंल. कुनाला चावावंसं वाटलं का बोंबील चाव." मंगळी त्याच्या पोटाला टेकून बसायला लागली आहे, म्हणजे आमच्या घरचा शिक्का बसला. परवा बुधीनं वाटलेल्या लसणीच्या चटणीनं मी अंगणात पळालो, तर तो पहिल्यांदा हसला. "दामूमामा, तुमी रक्त पिता आनि लसणीला घाबरता?" मी म्हणालो, "तू लांडगा आहेस आणि आजोबाला घाबरतोस." हसणं थांबलं त्याचं. बोलायला नको होतं. जीभ माझी दातांहून वाईट.

तुझ्यावरचा राग गेलेला नाही. पण तू पायरीवर उभी होतीस, हे लिहिलंस, म्हणून पुढचं पत्र लिही.

दामूमामा

.

मुरबाड
२७ डिसेंबर

मामा,

आजोबा झोपत नाहीत. रोज विचारतात, पोरगा जेवत असेल का. येत्या पौर्णिमेनंतर ते त्याला न्यायला वाडीवर येणार आहेत, एकटेच.

आणखी एक. गेल्या आठवड्यात त्यांची साखर तपासायला मी रक्त घेतलं. ते इथे लॅबमध्ये आणलं आणि त्यातलंच थोडं वापरून गट पाहिला. दोनदा पाहिला. बॉम्बे गट.

अक्षयला तो कुठून आला ते आता समजलं. पण सावळ्यादादाला? दहा हजारांत एखाद्याचं रक्त, आणि एका ओढ्याच्या दोन काठांवर तिघांचं? मी स्वतःला म्हणते, योगायोग असेल. रक्ताच्या गटावरून काही सिद्ध होत नाही, हे मीच लोकांना सांगते. तुम्ही लिहिलं होतं, ही चव तुम्हाला तीनदा लागली. तिसऱ्यांदा कुणाची?

आजोबा मफलर का काढत नाहीत, मामा?

समीक्षा

.

वाडी
५ जानेवारी २०२६

समीक्षा,

तुझ्या प्रश्नाचं उत्तर माझं नव्हतं, बुधीचं होतं. काल तुझे आजोबा, धाऊबाबा, येऊन गेल्यावर मी तिला विचारलं, पोरीला सांगू का? ती म्हणाली, "सांग. तिला मी वाढवलंय. सावळ्याला मी सांगन, मला जमंल तवा." म्हणून हे पत्र जपून ठेव.

काल दिवस बुडाल्यावर ते काठी टेकत चढून आले. दम लागला होता. गोणपाटापासून दोन हातांवर थांबले. मी अंगणात होतो. मला त्यांनी ओळखलं. मी तेव्हा होतो तसाच आहे, तेच म्हातारे झाले आहेत.

आत बुधी चुलीपाशी, अक्षय तिच्या शेजारी. सावळ्या लाकडं फोडत होता.

"अक्षय, चल घरी," धाऊबाबा म्हणाले. "पुनवेला बांदून ठेवू. बाकी टायमाला कुनाला कळनार नाय."

अक्षय म्हणाला, "आजोबा, आत या. हितं बसून बोला."

ते हलले नाहीत.

बुधी म्हणाली, "या. बसा."

हलले नाहीत. ती उठली, गोणपाट हातानं बाजूला धरलं आणि पुन्हा म्हणाली, "या की आत. मी बोलावते."

समीक्षा, मी नियमानं बांधलेला प्राणी आहे. बोलावणं आलं की माझी वाट मोकळी होते. त्या माणसाला तीन बोलावणी झाली. समोर दार नाही, उंबरठा नाही, दोन पावलांचं अंतर. त्यांनी एक पाय उचलला आणि पुन्हा तिथेच ठेवला. कपाळावर घाम, हात मफलरवर.

चाळीस वर्षांपूर्वी, भात झोडणीच्या दिवसांत, ते या खोपटात शिरले होते. बुधी एकोणीस वर्षांची होती. तेव्हा त्यांना कुणी बोलावलं नव्हतं.

मी बाहेर होतो. तिची हाक ऐकली होती. कुडाला कान लावावा इतका जवळ होतो, आणि माझं पाऊल आत पडेना. मी बोटांनी कूड ओरबाडला, त्याच्या खुणा अजून आहेत. रक्तपिपासूला नियम आहे! आणि गावच्या पंगतीत पहिल्या पानावर बसणाऱ्याला नाही! ते बाहेर आले तेव्हा मी त्यांच्या मानेला लागलो. तिसरी चव ती. संपवलंच असतं. बुधी बाहेर आली आणि म्हणाली, "सोड त्याला. मेला तर वाडी जालतील." मी सोडलं. त्यानंतरचं बोलणं तुला ठाऊक आहे. मी ते हसण्यावारी सांगत आलो. तिचे डोळे धुरानं लाल नव्हते.

काल ती मला म्हणाली, "च्या कर." मी चुलीवरून भांडं उतरवलं आणि खुंटीवरचा तो कानतुटका कप काढला. माझी फार इच्छा होती, समीक्षा. "गप रे दामू, ठेव तो," ती म्हणाली. घरातला चांगला स्टीलचा पेला तिनं स्वतः पुसला, भरला, आणि बाहेर जाऊन त्यांच्या पायाशी दगडावर ठेवला. म्हणाली, "आमच्यात येगला कप नसतो."

धाऊबाबा पेल्याकडे बघत राहिले. मग लाकडं फोडणाऱ्या सावळ्याकडे. सावळ्यानं घाम पुसत विचारलं, "काय बाबा, बरं वाटत नाय काय? खाली सोडू?" ते नको म्हणाले आणि काठी टेकत एकटेच उतरले. अक्षय गोणपाटापर्यंत आला, ते दिसेनासे होईपर्यंत उभा राहिला आणि आत येऊन बसला.

चहाला हात लागला नव्हता. गार झाला होता. सावळ्या कुऱ्हाड ठेवून आला, पेला उचलला आणि उभ्या उभ्या पिऊन टाकला.

"आय," तो म्हणाला, "साखर लय पडली."

दामूमामा